तीन फरश्यांची हजेरी

“तीन बसवा नाहीतर तीस, काकू, हजेरी पूर्ण पडते,” फरशीवाला दारातच म्हणाला. “माझा अख्खा दिवस मोडतो.”

काकूंना फरशीवाल्यांच्या तऱ्हा आता पाठ झाल्या होत्या. आधी आलेल्या एकाने सगळं घरच उखडायचा सल्ला दिला होता. दुसरा ‘उद्या येतो’ म्हणून गेला तो गेलाच. एवढ्याशा कामाला दिवसभराची मजुरी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण खोलीतून न्हाणीकडे जाणाऱ्या वाटेतल्या त्या तीन फरश्या फुगून वर आल्या होत्या आणि त्यांनीच काकांना पाडलं होतं.

काका बसकंडक्टर. जन्मभर चालत्या गाडीत तोल सांभाळला आणि पडले ते उभ्या घरात. अर्धांगाच्या झटक्यानंतर नुकते कुठे काठी घेऊन चालू लागले होते. पडले आणि त्यांनी खाट धरली. मुका मार होता, तो गेला. धास्ती गेली नाही. असेच पडून राहिले तर पाय कायमचे जातील, असं डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं.

“करा सुरू,” काकू म्हणाल्या. “पण पूर्ण हजेरी घेताय, तर न्हाणीच्या उंबऱ्याचा टवकाही भरून द्यायचा.”

“चहा मिळाला तर भरतो.”

“दोनदा मिळेल.”

छिन्नीचे घाव सुरू झाले तसे काका खाटेवरून ओरडले, “कशाला पैसे घालवतेस? मी काय तिथून पळत सुटणार आहे?”

“माझ्यासाठी करतेय. तुम्ही पडा खुशाल.”

जुना रंग बाजारात मिळाला नाही. नव्या फरश्या ठिगळासारख्या दिसत होत्या; पण हात फिरवला तर कुठे अडत नव्हता. “माल ओला आहे, उद्या सकाळपर्यंत पाय नको,” असं बजावून फरशीवाला गेला. काकूंनी भांडीवालीला बजावलं, शेजारणीला बजावलं. काकांना सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. खाट धरलेल्या माणसाला चालू नका म्हणून कोण सांगतं?

संध्याकाळी काकू औषधं घेऊन आल्या, तर खाट रिकामी. काठीही नाही.

“अहो!”

न्हाणीत पाणी वाजत होतं. “आलो, आलो. आग लागल्यासारखी ओरडू नकोस.”

काका दारात आले. तोंड धुतलेलं, सदरा भिजलेला. “चांगलं सपाट केलंय गं त्यानं,” ते म्हणाले.

काकूंनी खाली पाहिलं. मधली फरशी एका कोपऱ्यात खचली होती, तिच्या शेजारची तिरपी झाली होती आणि सांध्यांतून राखाडी माल वर आला होता. त्यांच्या जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं आणि हात पुढे केला.

“या. सावकाश या.”

काका आले. वाटेत तिसरी फरशीही हलली.

सकाळी काकूंनी फरशीवाल्याला बोलावून घेतलं. त्याने पाहिलं आणि तो मटकन उकिडवाच बसला. “कुणी तुडवलं हो हे? आता सगळं परत काढावं लागेल. परत हजेरी पडेल, काकू. मला बोल लावू नका.”

“पडू दे.”

तो चकित झाला. काल टवका भरून घेणारी बाई ती हीच का, अशा नजरेनं बघत राहिला.

“कुणी तुडवलं विचारताय ना?” काकूंनी खोलीकडे बोट केलं. “आमच्या ह्यांनी.”

फरशीवाल्याने खोलीकडे मान वळवली. मग छिन्नी उचलली.

“ए, किती वेळ लावणार?” आतून आवाज आला. “मला पलीकडे जायचंय.”

“उद्या!” काकू ओरडल्या. “आज गप्प बसायचं!”

काका कुरकुरले, पण आडवे झाले नाहीत. खाटेच्या कडेला बसून, काठी मांडीवर घेऊन आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवून ते माल वाळायची वाट बघत राहिले.