आवाजाच्या जागी मी

मित्रांनो, कोपरा तडकलेला हा जुना टॅबलेट तुमच्याशी बोलतो आहे. सिग्रून कॉलेजात असताना मी तिच्या पाठपिशवीत असे. नवा आल्यावर मी नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या तिच्या घरात मोज्यांच्या खणात जाऊन पडलो. एका सकाळी तिने मला बाहेर काढले. तिचे बाबा टोर्बियोर्न फेरीबोटीचे कप्तान. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. शस्त्रक्रियेनंतर त्यांना माझ्यावर लिहूनच बोलावे लागणार होते. माझी बॅटरी दुबळी. मी पार घाबरून गेलो.

लिहिण्यासाठी ॲप कोणते घ्यावे, हे ठरवायला बापलेक स्वयंपाकघरात बसले. पहिले ॲप उघडताच पासवर्ड मागे.

"मी गुदमरलो, तर आधी पासवर्ड आठवत बसू का?" बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

दुसरे ॲप हस्ताक्षराची छापील अक्षरे करी. बाबांनी 'पाणी' लिहिले, उमटले 'राणी'.

"आण गं एक राणी!"

"थांबा, आईलाच सांगते!" सिग्रून हसली आणि हसता हसता रडू लागली.

तिसऱ्यात अक्षर जसेच्या तसे राही. इस्पितळाचे कागदही त्यात उघडत. 'आवाज कायमचा जाईल' या ओळीखाली बाबांनी रेघ मारली आणि समासात लिहिले, 'शीळ घालता येईल?' इस्पितळात डॉक्टरबाईंनी ते वाचून हळूच मान हलवली. नाही.

शस्त्रक्रिया झाली. आता बाबा गळ्याला पाडलेल्या भोकातून, नळीवाटे श्वास घेत होते. दुपारी त्यांनी एकदम मला ओढले. बोटे गार पडली होती. त्यांनी 'न' लिहिला.

"नको? बरं बाबा, झोपा तुम्ही," म्हणत सिग्रूनने मला उचलले.

मला ओरडता येत नव्हते, त्यांनाही नाही. त्यांचे ओठ निळे पडत चालले होते. त्यांनी तिचे मनगट पकडले, मला हिसकावले आणि पुढचे अक्षर खरडले. 'नळी'.

सिग्रून किंचाळली. परिचारिका ओडनी धावत आली, तिने नळीत अडकलेला कफ काढला. छाती पुन्हा वरखाली होऊ लागली.

"पुरं लिहू द्यायचं गं त्यांना," ओडनी एवढेच म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना वेळेवर चार्ज करा. पण कोणी लिहून बोलत असेल, तर शेवटचे अक्षर होईपर्यंत थांबा. मला अजून भीती वाटते. बॅटरीची नव्हे, घाईने मला उचलणाऱ्या मायाळू हातांची.