दस्त्याच्या पोटातलं साल

मित्रांनो, मला नळ्या दोन आहेत, पण नाव एकही उरलेलं नाही. मी एक जुनी दुनळी बंदूक. कारखान्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून मला उडवून पाहिलं आणि मी फुटले नाही म्हणून नळ्यांच्या खालच्या अंगाला शिक्का मारला. केवढी ऐट वाटली होती तेव्हा.

हात बदलत मी एका वनरक्षकाकडे आले. रानडुकरं रोपवाटिकेत शिरली की तो हवेत बार काढायचा. मग त्याची नजर अधू झाली. साहेबाला कळलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून त्याच्या बायकोनं मला उचललं. ती चणीनं लहान, त्यात डावखुरी. ओळखीच्या सुतारानं मला नवा दस्ता बसवला, दोन बोटं आखूड आणि डाव्या खांद्याला बेतलेला. सहा वर्षं पहाटेची फेरी तिनं मारली. तिची पावलं ऐकू येईपर्यंत नवरा दारात बसून राहायचा. लेक उठायच्या आत ती स्वयंपाकाला लागलेली असायची.

दोघं गेली, गुपितही गेलं. मी माळ्यावर गंजत पडले. एकदा घरच्या जावयानं पॉलिशपेपरनं घासून मला लख्ख केलं.

ती लेक आता पंचाहत्तरीची, निवृत्त शिक्षिका. मला संग्रहालयात द्यायचं ठरलं. पाटीवर वडिलांचं नाव लागणार होतं, फक्त माझं वय हवं होतं. म्हणून बाई मला बंदुकांच्या कारागिराकडे घेऊन आल्या.

"नाव तर कुणीतरी घासून काढलंय," तो म्हणाला.

"आमचे जावई. हौस दांडगी."

त्यानं नळ्या सुट्या केल्या. खालचे शिक्के शाबूत होते. "नळ्या शंभरीच्या पुढच्या आहेत. दस्ता मात्र नंतरचा." दस्त्याच्या टोकाची पट्टी काढल्यावर आत सुतारानं पेन्सिलीनं लिहिलेलं साल निघालं. "वडील डावखुरे होते का? आणि ठेंगणे?"

"छे, चांगले सहा फुटी. डावखुरी आई होती."

बाईंनी चष्मा पुसून साल पुन्हा वाचलं. "तेव्हा मी दुसरीत होते. बाबांना पत्रं मी वाचून दाखवायची. त्यांना अक्षर दिसायचंच नाही."

कारागिरानं स्टूल पुढे सरकवलं.

"आणि मी जन्मभर सांगत आले," त्या हळूच म्हणाल्या, "की आई आपली घरातच असायची."

गाल टेकून टेकून माझं लाकूड एका जागी गुळगुळीत झालं होतं. बाईंनी तिथं तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

आता पाटीवर दोन नावं आहेत, आईचं आधी.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली की चमकवायची घाई करू नका. आधी जाणत्याला दाखवा. माझं नाव गेलं, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. तिचं मात्र थोडक्यात वाचलं.