नेहमीची चाल

ठकूबाई कोकरेंच्या काळजातलं एक दार नीट उघडत नाही, हे दौंडच्या डॉक्टरांनी मशीनवर बघून सांगितलं, तेव्हा खुटबावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. गावातली निम्मी दारं नीट उघडत नाहीत. पण ठकूबाईंना अंगणातून गोठ्यापर्यंत जाताना धाप लागत होती, चक्कर येऊन त्या चुलीशी बसल्या जागी कलंडल्या होत्या, आणि असंच चालू राहिलं तर पुढचा ऊस तुटलेला त्या बघतीलच असं नाही, हेही डॉक्टर बोलून गेले. मांडीतून नळी घालून, छाती न फाडता नवी झडप बसवता येते. मात्र म्हातारीला ते झेपेल का, हे आधी पुण्याचे मोठे डॉक्टर तपासणार. ते शनिवारी शिरूरला येतात.

"न झेपायला काय झालं?" ठकूबाई म्हणाल्या. "झडप त्यांनी बसवायचीय. मला नुसतं पडून ऱ्हायचंय."

शनिवारी मुलगा संपत गाडी घेऊन निघाला. मागच्या सीटवर ठकूबाई आणि पुढे चांगदेव आबा, म्हणजे ठकूबाईंचे भासरे, मयत नवऱ्याचे थोरले भाऊ. आबांना कुणी बोलावलं नव्हतं. पण कोकऱ्यांच्या घरात कुणाचं लग्न, कुणाची विहीर, कुणाचं ऑपरेशन आबांनी 'बरं' म्हटल्याशिवाय होत नसे, आणि आबा सहसा 'बरं' म्हणत नसत. चौफुल्यापासून न्हावऱ्यापर्यंत ते पुढच्या काचेला सांगत राहिले, "या वयात कशाला हे? थकली बाई आता." बाई हातभर अंतरावर मागेच बसली होती. पण भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नसतं, आणि तिनं तर त्याच्याशी नाहीच नाही.

दवाखान्यात नीलम नावाची फिजिओथेरपिस्ट पोरगी पुढे आली. तिनं समजावलं, "आजी, तुम्ही फ्रेल आहात का ते बघायचंय."

"फ्रेल म्हंजी?"

"म्हणजे... नाजूक."

ठकूबाई लाजल्या. त्यांना आजवर पुष्कळ काही म्हणून झालं होतं, पण नाजूक कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा नाही, आणि तो तसा बरा माणूस होता.

"थकल्यासारखं वाटतं का?"

"आता थकलेच की गं बाई. नातवाला मिशा फुटल्या."

नीलमनं काहीतरी टिपलं. संपत घाईनं म्हणाला, "मॅडम, थकले म्हंजी म्हातारी झाले, असं म्हणतीया ती. दमले न्हाई." नीलमनं टिपलेलं खोडलं. मग हातात धरून दाबायचं यंत्र आलं. ठकूबाईंनी ते असं दाबलं की नीलमनं काटा एकदा बघितला आणि पुन्हा बघितला. हाताची घडी घालून खुर्चीवरून उठबसही झाली. धाप लागली, पण झाली.

"आता फक्त चालून दाखवायचं. फरशीवरच्या या चिकटपट्टीपासून त्या पट्टीपर्यंत. पळायचं नाही, हळू नाही. तुमच्या नेहमीच्या चालीनं."

चालण्याचं ठकूबाईंना काय कौतुक? तरुणपणी मेंढरांमागं त्या कोकणात उतरल्या होत्या आणि परत चढल्याही होत्या. त्या पट्टीवर उभ्या राहिल्या. आणि समोर पाहिलं, तर व्हरांड्याच्या त्या टोकाला, पंख्याखालच्या बाकावर आबा. पटका, काठी, पसरलेले पाय.

ठकूबाईंचा हात आपोआप वर गेला. पदर कपाळावर आला. चपला पायांतून निघून हातात आल्या. नजर फरशीला लागली आणि त्या भिंतीच्या कडेकडेनं, अंग चोरून, एकेक पाऊल निघाल्या. आबांसमोरची त्यांची नेहमीची चाल हीच होती. पोरीनं तीच मागितली होती.

नीलमनं घड्याळाकडे पाहून ओठ चावला. "पुन्हा एकदा, आजी."

दुसऱ्या वेळी आबा खाकरले, त्यामुळे आणखी वेळ लागला.

पुण्याचे डॉक्टर सत्यजीत भले माणूस होते. त्यांनी सगळे आकडे पाहिले आणि आवाज मऊ केला. डॉक्टरांचा आवाज मऊ झाला की समजायचं. "आजी, हात चांगले आहेत. पण चाल इतकी मंद असेल तर झडप बसवूनही उपयोग होईलच असं नाही. त्यापेक्षा गोळ्यांवर राहू. घरी, माणसांत."

"तेच म्हणतुया मी सकाळपासनं," बाकावरून आबा म्हणाले. "चल संपत, गाडी काढ."

संपतनं खिशात किल्ली चाचपली. ठकूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"चाल मंद न्हाई, डाक्टर. म्होरं भासरे बसलेत."

"काय बसलंय?"

डॉक्टरांनी हृदयाच्या देशोदेशीच्या परिषदा केल्या होत्या. त्यांत भासऱ्यांवर एकही व्याख्यान झालं नव्हतं. संपतनं खालमानेनं सगळं समजावलं. डॉक्टरांनी आधी पटक्याकडे पाहिलं, मग आजींच्या हातातल्या चपलांकडे.

"मग त्यांना जरा बाहेर बसवू."

"आबा," संपत म्हणाला, "चहा घ्यायचा का खाली?"

"मला न्हाई चहा. हितं वारं लागतंय."

संपत पन्नाशीचा बाप्या, कारखान्यावर चार माणसं हाताखाली, पण आबांना जागेवरून उठवायचं धाडस त्याच्यात नव्हतं. नीलमनं तोडगा काढला, "आपण मागच्या बाजूला दुसरी पट्टी लावू."

"कशाला?" ठकूबाई म्हणाल्या. "पट्टी हितं चिकटलीय नव्हं? हितंच चालते."

त्यांनी चपला खाली टाकल्या आणि पाय घातले. पदर डोक्यावरून ओढून खांद्यावर टाकला आणि खोचला. पांढरं डोकं उघडं पडलं. आबांनी ते कधीच पाहिलेलं नसावं, कारण ते एकदम छताकडे बघू लागले.

ठकूबाई निघाल्या. व्हरांड्याच्या मधोमध. चपला फटाक फटाक वाजत होत्या. दुसरी पट्टी आली, गेली, तरी त्या थांबल्या नाहीत. नीलमनं घड्याळ बरोबर पट्टीवर थांबवलं, ती आपल्या कामाला चुकणारी नव्हती. ठकूबाई थेट बाकापर्यंत गेल्या.

"आबा, पाय आवरा. लोकांची वाट हाय ही."

आबांनी पाय आवरले. आपण ते का आवरले, हे त्यांना नंतर समजलं असावं.

ठकूबाईंचा श्वास भात्यासारखा चालला होता. झडप अजून जुनीच होती. नीलम खुर्ची घेऊन धावली. त्यांनी खुर्चीची पाठ धरली, पण बसल्या नाहीत.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा आवाज पुन्हा साधा झाला. "करता येईल. पुढच्या तपासण्या पुण्याला होतील. पण धोका असतो, आजी, खोटं सांगणार नाही. काहींना त्रास होतो, क्वचित कुणी परत येत नाही. घरात ठरवून सांगा."

सगळ्यांनी सवयीनं आबांकडे पाहिलं. आबांनी काठी सावरली. "संपत, तुझ्या आईला म्हणावं, घाई कसली? घरी जाऊ, चार माणसं बसवू—"

"मी हितंच हाय, आबा. मला म्हणा."

आबांचं वाक्य तयार होतं, पण ते समोरच्या बाईला द्यायचं कसं याचा सरावच नव्हता. ते जमवायला त्यांना बराच वेळ लागला. डॉक्टरांनी दुसऱ्या पेशंटला थांबायला सांगितलं.

"आन्... काय झालं-बिलं तर?" शेवटी ते म्हणाले. तिच्याकडे बघून.

"तर झालं. तवा लोकच घालत्याल तोंडावर पदर, तुम्हांस्नी काळजी नको." ठकूबाई डॉक्टरांकडे वळल्या. "पुण्याला कवा यायचं, सांगा. सोमवारी आमच्यात बाजार असतो, तेवढा सोडून."