माझ्यासमोर सूनबाई बसली होती

मी ढाल बोलतेय, आणि आज गोडगोड बोलायच्या मनःस्थितीत नाही. वर्षानुवर्षं भिंतीवर गप्प लटकले. आता तोंड उघडलंय तर ऐकून घ्या.

लढाईबिढाई मी पाहिलेली नाही. मी प्लायवुडची. संडे स्कूलच्या बाईंनी मला सुताराकडून करवून घेतलं. सुतार म्हणजे त्यांचेच यजमान, त्यामुळे बिचाऱ्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. वर जुन्या बॅगेचं रेक्झिन, मागे धरायला चामड्याचा पट्टा. शिरस्त्राण, उरस्त्राण, तलवार ही माझी पुठ्ठ्याची भावंडं केव्हाच रद्दीत गेली.

बाई शिकवायच्या मात्र झकास. "प्रेषित पौल कैदेत होता. पहाऱ्यावरचा शिपाई बहुधा रोज डोळ्यांसमोर. त्यानं इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं, देवाची शस्त्रं अंगावर चढवा. पण आपली झुंज कुणाशी नाही म्हणाला?"

"माणसांशी नाही!" पोरं छप्पर उडवायची.

"आणि शिपायाची ढाल केवढी? दाराएवढी! शेजारच्यालाही झाकणारी. सैतानाचे जळते बाण आले की सगळे एकमेकांना चिकटून उभे."

मग दोन वेण्यांची एक किडकिडीत मुलगी मला धरायची आणि बाकीची पोरं तिच्यामागे लपायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. पुढे तीच मुलगी बाईंची सून होऊन या घरात आली. मला बघून हसली होती.

बाळ झालं आणि तिचं हसू गेलं. झोप उडाली. बाळ रडून लाल झालं तरी ही भिंतीकडे बघत बसायची. "आई, मला काहीच वाटत नाही हो," म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळंतपणानंतर असा आजार येतो, बरा होतो, पण गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि हिला एकटं सोडायचं नाही. गोळ्या लागू पडत होत्या. पोर दोन घास खायला लागली होती.

तेवढ्यात एक सुवार्तिक टपकला, घरोघर प्रवचनं देत हिंडणारा. आवाज असा, की खिडकीच्या काचा थरथराव्यात. "हे दुखणं नाही, बाई. शत्रू घरात शिरलाय. गोळ्या म्हणजे अविश्वास!" आणि आमच्या शहाण्या बाई नातवाच्या काळजीनं इतक्या घाबरल्या होत्या, की त्यांनी गोळ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मला हात असते तर ते कपाट फोडलं असतं.

व्हायचं तेच झालं. एका दुपारी सूनबाई गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बघताना सापडली. सुतारांनी तिला हाताला धरून खाली आणलं आणि ते तिच्या नवऱ्याला बोलवायला धावले. इकडे सुवार्तिकानं प्रार्थनेची माणसं जमवली. तिला मधल्या खुर्चीत बसवलं. बाईंनी मला भिंतीवरून काढलं आणि समोर धरलं. सगळे माझ्यामागे. माझ्यासमोर एकटी ती!

"नीघ! या घरातून नीघ!" सुवार्तिक ओरडला. म्हणे सैतानाला. बोट मात्र तिच्या कपाळावर रोखलेलं.

सूनबाईनं मान वर केली. "आई, ढाल मी धरायची ना? मग मी इकडे कशी?"

माझ्या पट्ट्यातली बाईंची बोटं सैल पडली.

"ऐकू नका! तोच बोलतोय तिच्या तोंडून!"

"गप्प बसा हो!" बाई कडाडल्या. "माझी पोर बोलतेय. एवढीशी होती तेव्हापासून हा आवाज ओळखते मी."

त्या तरातरा पलीकडे गेल्या, खुर्चीला खेटून उभ्या राहिल्या आणि मला दोघींच्या पुढे धरलं. "प्रार्थना करायचीय? करा. पण इकडे या, हिच्याशेजारी बसून करा."

एक म्हातारी मावशी उठून आली. बाकीचे चपला शोधू लागले. सुवार्तिक आता गावभर सांगतो, त्या घरात दोघींना सैतान लागलाय. सांगू दे मेल्याला!

बाईंनी कुलूप उघडलं. गोळी आणि पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. "सैतान शिरला होता गं घरात," त्या म्हणाल्या, "पण माझ्या कानातून. त्या जळत्या बाणानं भीती घातली मला, आणि मी तुझ्यावर उठले." सूनबाईनं गोळी घेतली आणि त्यांच्या पदराला धरून रडली. मग बाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

आता तिचे बरेच दिवस चांगले जातात, काही वाईट. रोज गोळीही असते आणि प्रार्थनाही. मी भिंतीवर नसते, पाळण्याजवळ उभी असते. खिडकीतून वारा फार येतो.

माझा राग गेलेला नाही. युद्ध आहे, मी कुठं नाही म्हणते? आमच्या प्रभूलाही अरण्यात सैतानानं गाठलं होतंच. पण त्याच प्रभूनं सैतानाला हाकललं आणि माणसांना जवळ घेतलं, एवढं तरी आठवा. यापुढे मला उचलाल, तेव्हा आधी समोर बघा. तिथं रडवेला चेहरा दिसला, तर तुम्ही चुकीच्या बाजूला उभे आहात. बाई गेल्या तसे तरातरा पलीकडे जा.