चार मिनिटं हात लावायचा नाही

दाणा नखाएवढासुद्धा नव्हता — वर पिवळा, गुळगुळीत, मधे किंचित दबलेला, आणि खाली कणसातून सुटून आलेलं ते पांढुरकं निमुळतं टोक — दातच की हा, तिला वाटलं, खालच्या जबड्यातला, पुढचा, मुळासकट निघालेला; आणि सवयीनं तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला, सवयीनंच मनातल्या रंगाच्या पट्टीवर त्याचा नंबर शोधला. फार पिवळा. असा दात कुणी पसंत करायचं नाही. अहो बाई, आज रविवार आहे, तिनं स्वतःलाच बजावलं, आज दात नाहीत, आज मका आहे.

सहा कणसं आणली होती. चार सोलून, आडवी धरून, सुरीनं दाणे उतरवून झाले होते. दोन अजून पानांसकट ओट्याच्या कोपऱ्यात पडून होती, उरली तर उरली म्हणून. दाणे कसे अखंड निघाले होते! एकही फुटला नव्हता. हाताला तेवढं वळण आहे आपल्या, तिला जरा बरं वाटलं, आणि लगेच पुढचा विचार आला — तिच्या हाताला असेल का? पाण्यात हातपाय मारणाऱ्या बाईच्या हाताला?

मेक्सिकन कॉर्न. हा शब्द या घरात आला दोन महिन्यांपूर्वी, एका सोमवारी, खारूच्या तोंडून. खारू म्हणजे तिची मुलगी, अकरा वर्षांची. लहानपणी घास गालात साठवून तासन्‌तास बसून राहायची म्हणून खारूताई, आणि पुढे नुसतीच खारू. दर दुसऱ्या शनिवार-रविवारी खारू तिच्या बाबांकडे जायची. "तिकडे ना, मेक्सिकन कॉर्न केलं होतं," दप्तर भरता भरता ती म्हणाली होती. "भाजलेल्या चिकनबरोबर. नुसतं बाजूला घ्यायचं असतं, पण मी चिकन ठेवून दिलं आणि तेच खाल्लं."

कुणी केलं होतं, हे तिनं विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? तिकडे मोठी माणसं दोनच. त्यातल्या एकाबरोबर तिनं स्वतः नऊ वर्षं संसार केला होता, आणि त्याला दूध उतू न घालवता तापवता येत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? राहिली ती दुसरी.

ती पोहायला शिकवते. खांदे हे एवढे रुंद, केस नेहमी ओले, आणि हसली की सगळे दात दिसतात — चांगले आहेत, मेलीचे, स्वतःचेच आहेत, त्यात कुठे काही करायला जागा नाही. खारू तिला मावशी म्हणते. मावशी! मावशी म्हणजे आईची बहीण ना? मग ही आपली बहीण कधी झाली? आपल्याला न विचारता, न सांगता... घर घेतलं ते घेतलं, वर नातंही आपल्याच बाजूचं उचललं. ताटाच्या मधोमध जे असतं त्याचं तिला काही वाटलं नसतं. पण हे कडेला वाढायचं, चमचाभर घ्यायचं, आणि त्याच्यासाठी मुलीनं मधलं सगळं बाजूला सारावं — हे तिला लागलं. हो, जळते मी. उगाच दुसरं नाव कशाला द्यायचं? पोटात दुखतं माझ्या.

तेव्हापासून ती माहिती काढत होती, ताकास तूर न लागू देता. खारूच्या वेण्या घालताना, वह्यांना कव्हर घालताना — "का गं, त्या कॉर्नमध्ये मेयोनीज घालतात की नुसतं बटर?" आणि खारू सांगायची, अगदी भरभरून. दोन्ही. बटर आधी, लसूण त्यातच, बारीक चिरून. मेयोनीज गॅस बंद केल्यावर, नाहीतर फुटतं. मोठे चमचे दोन, आणि आंबट क्रीम एक. लिंबू सगळ्यात शेवटी. चीज खारट असतं ते, किसायचं नाही, हातानं कुस्करायचं. तिखट वरून. आणि मुख्य म्हणजे दाणे कढईत टाकले की चार मिनिटं हात लावायचा नाही, हलवलं की बिघडलं. "थोडे करपतात," खारू म्हणाली होती, "पण करपलेलेच छान लागतात."

किती बारकाईनं पाहत असते पोर तिच्याकडे, तिला वाटलं होतं, आणि ती रात्र तिची वाईट गेली होती.

पंधरा वर्षं ती लॅबमध्ये दात करत होती. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे — गुलाबी, रबरी, आत कुणाच्या तरी जबड्याचा ठसा — त्यात प्लॅस्टर ओतायचं, तो जबडा बाहेर काढायचा, आणि जिथे खिंडार असेल तिथे आधी मेणाचा आणि मग पक्का दात बसवायचा. माणूस कधी दिसायचा नाही. पंधरा वर्षांत हजारो जबडे हातांखालून गेले असतील, पण हे तोंड कुणाचं, ते हसतं कसं, दात पडला तो पायरीवरून की मारामारीत, हे तिला माहीत नसायचं आणि लागायचंही नाही. ठसा नीट असला की झालं. लॅबचे म्हातारे मालक पहिल्या वर्षी तिला म्हणाले होते, "बाई, फार सुंदर दात करू नका. शेजारचे ओळखायचे नाहीत त्याला. शेजाऱ्यांच्यात जी खोट आहे, ती थोडी त्यालाही द्या." तेव्हापासून ती प्रत्येक दाताला एक खोट द्यायची, नेमकी मोजून. कुठे तपकिरी रेष, कुठे कडेला झिजल्यासारखं. तिचा दात तोंडात गेला की आरशात पाहून खुद्द त्या तोंडाच्या मालकालाही ओळखू येत नसे. लॅबमध्ये तिचं नाव होतं त्यासाठी.

तर दुसऱ्या बाईचं कॉर्न करायचं, तेही असं की मुलीला ओळखू येऊ नये, ही तिच्यासाठी काय मोठी गोष्ट होती?

कढई तापली. दाणे पडले तसे चरचरले, आणि तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून वीस. पाच वाजता खारूचे बाबा येणार होते. जूनपासून खारूची शाळा बदलणार होती, आणि नवी शाळा तिकडच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, इकडून दोन बस. आठवड्याचे पाच दिवस तिनं कुठे राहायचं, हे आम्ही तिच्यावर सोडलंय — असं दोघांनी मोठ्या समजूतदारपणे ठरवलं होतं, आणि खारू म्हणाली होती, रविवारी पाच वाजता सांगते, दोघांना एकदम, म्हणजे कुणाला आधी कळलं असं नको. केवढं पिकलेलं बोलणं ते! कुणाकडून शिकली? ... तिकडूनच.

तिनं काहीच म्हणायचं नव्हतं. पोरीला भरीला घालायचं नाही, रडायचं नाही, आजारी पडायचं नाही — हे तिनं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की तिच्या हातात आता एवढंच राहिलं होतं: दुपारी जेवताना खारूनं पहिला घास घ्यावा आणि तिला वाटावं, अरे, हेही इथे आहे. एवढंच. लाच म्हणा हवं तर. म्हणा. मक्याची लाच.

एक मिनिट झालं. हात शिवशिवत होता. उलथनं आपोआप उचललं गेलं आणि तिनं ते परत ठेवलं. बाहेरच्या खोलीतून खारूचं गुणगुणणं ऐकू येत होतं. तिला स्वयंपाकघरात यायला बंदी नव्हती, पण गॅसच्या अलीकडे जेवणाच्या टेबलाची जी खुर्ची होती, तिच्यापुढे नाही. तीन वर्षांची असल्यापासूनचा नियम. "तिथून बघ," आई म्हणायची, आणि खारू तिथून बघायची. अलीकडे बघेनाशी झाली होती. आणि आपण जिला डोळ्यांत तेल घालून जपलं, तिला तिकडे काय मिळालं? डाग! महिन्यापूर्वी खारू मनगटावर पट्टी लावून आली होती. पट्टीखाली भाजल्याची लालबुंद रेघ, बोटाच्या पेराएवढी. "लागलं," एवढंच म्हणाली. आईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तिनं तिथल्या तिथे फोन लावला — तुमच्या घरात मुलीकडे बघायला कुणी आहे की नाही? सगळे पाण्यातच असता का? आणि तो, त्याच्या त्या शांत आवाजात, ज्या आवाजाला ती नऊ वर्षं विटली होती, म्हणाला होता, "खारूलाच विचार ना." तिनं विचारलं नाही. तो डाग तिनं मनात जपून ठेवला, पुरावा ठेवतात तसा.

चार मिनिटं. तिनं उलथनं फिरवलं. खालचे दाणे तपकिरी झाले होते, काही काळे. काळे थोडे कमीच वाटले, म्हणून तिनं पुन्हा पसरून अर्धं मिनिट दिलं — खोट नेमकी हवी. मग बटर, लसूण. गॅस बंद. मेयोनीज, आंबट क्रीम, तिखट, कुस्करलेलं चीज, कोथिंबीर, शेवटी लिंबू. तिनं चाखलं. चांगलं होतं. वाईट एवढंच की खूप चांगलं होतं. आंबट, तिखट, खारट, आणि मागून मक्याचा गोडवा. त्या बाईच्या हाताला चव आहे, हे तिला त्या घासाबरोबर गिळावं लागलं.

"खारू, जेवायला!"

टेबलावर भाजलेलं चिकन होतं, पाव होता, आणि निळ्या वाडग्यात ते. खारूनं वाडगा पाहिला. तिचे डोळे मोठे झाले.

"तू केलंस?"

"मग काय शेजारणीनं?"

खारूनं चमचा भरून घास घेतला आणि तिच्या जुन्या सवयीनं गालात ठेवला, इकडचा तिकडे केला. आई पाहत होती. डॉक्टरांनी दात बसवून पाहावा आणि फोन यावा, ठीक आहे म्हणून, तसा तिचा जीव टांगला होता.

"सेम," खारू म्हणाली. "अगदी सेम आहे. करपलेलेसुद्धा तेवढेच."

जिंकलं. क्षणभर तिला खरंच असं वाटलं. मग सहज, पाव तोडता तोडता, तिनं विचारलं, "मावशीपेक्षा बरं?"

"मावशी कुठे करते?"

"म्हणजे?"

"मावशीला काही येत नाही गं. अंडंसुद्धा फुटतं तिच्याकडून." खारू हसली. "कॉर्न मी करते. मी एका व्हिडिओत बघितलं होतं. ती नुसती मागे उभी राहते, आणि नंतर सगळं खाऊन टाकते."

पावाचा तुकडा तिच्या हातात तसाच राहिला. मावशीला काही येत नाही! — आधी हा आनंदच उसळला, लाज वाटावी इतका, अंडंसुद्धा फुटतं म्हणे. आणि तो पुरता वर यायच्या आत त्याच्या मागून दुसरं काहीतरी आलं आणि त्यानं त्याला खाली दाबलं.

"तू मला सांगितलं नाहीस कधी."

"असं काय? तू रोज विचारायचीस ना. मेयोनीज किती, चीज कुठलं." खारूनं दुसरा चमचा भरला. "मला वाटलं, मी कसं करते ते विचारतेयस."

दोन महिने. वेण्या घालताना, कव्हरं घालताना, ती एका बाईचा ठसा घेत होती, आणि पोर मात्र सारा वेळ तिला स्वतःबद्दल सांगत होती, भरभरून. आणि आपण तोंडाकडे पाहिलंच नाही. पाहायची सवयच नाही आपल्याला...

"हात बघू," ती म्हणाली.

खारूनं मनगट पुढे केलं. रेघ आता फिकट झाली होती. "कढईची कड," खारू म्हणाली. "दाणे परतताना. मावशीनं हात नळाखाली धरला आणि म्हणाली, आज बस की पुन्हा करतेस? मी पुन्हा केलं." आणि मनगट मागे घेत, "तुला सांगणार होते. पण तू लगेच फोन लावलास."

इतके दिवस जिच्या कढईचा ती हेवा करत होती, तिनं कढईला कधी हातच लावला नव्हता. मग आता कशाचा करायचा? पण मत्सर काही गेला नाही. तो उठला, आणि जास्त जवळ येऊन बसला. मागे उभी राहते. नुसती मागे उभी राहते...

"आई, ती दोन कणसं आहेत ना अजून?" खारू ओट्याकडे पाहत होती. "मी करू? तुझं संपेल आत्ता."

भाजेल — सुरी धारदार आहे — आज नको — सगळे शब्द तोंडाशी रांगेत उभे होते. ती उठली. काय करणार होती ते तिचं तिलाच नीट ठाऊक नव्हतं. पण उठली, आणि खारूला वाट देण्यासाठी बाजूला सरली, आणि बाजूला सरल्यावर जागा उरली ती त्या खुर्चीचीच. ती तिथे बसली. इथून गॅसची ज्योत दिसत नाही, हे तिला आज कळलं. नुसती पाठ दिसते.

खारूनं पानं ओढून काढली, कणीस आडवं धरलं, सुरी लावली. दाणे वेडेवाकडे निघत होते, अर्धे फुटत होते, काही जमिनीवर उड्या मारत होते. सुरी दोनदा घसरली. दोन्ही वेळा आईचे तळवे खुर्चीवरून उठले, आणि दोन्ही वेळा तिनं ते मांड्यांखाली घालून त्यांवर आपलं सगळं वजन दिलं. कढई तापली. दाणे चरचरले. खारूनं उलथनं बाजूला ठेवलं आणि मान वळवून, अगदी मोठ्या माणसासारखी, म्हणाली, "आता चार मिनिटं हात लावायचा नाही हं."

"नाही लावत," ती म्हणाली.

दोन वाजायला आले होते. पाच वाजता ही दोघांना एकदम सांगणार होती, आणि तिला विचारावंसं वाटलं, आत्ताच, या चार मिनिटांत... तिनं विचारलं नाही. ती पाठीकडे पाहत राहिली. कणसाच्या केसाची एक चिकट बट खारूच्या कोपराला लागली होती. मग खारू जराशी कडेला वळली आणि तिचं तोंड दिसलं; खालचा ओठ दातांत धरून, भुवया जवळ आणून, ती कढईकडे अशी बघत होती की जगात दुसरं काही नाही — असं तोंड तिनं आपल्या मुलीचं कधी पाहिलं नव्हतं. आणि ते त्या दुसरीनं आपल्याआधी पाहिलं होतं, किती रविवार, मागे उभं राहून, ओल्या केसांनी. त्या एका गोष्टीला तिच्या हातात कुठली नक्कल नव्हती. मांड्यांखाली तळहातांना मुंग्या आल्या होत्या. तिनं ते काढले नाहीत.