पिवळ्या दोऱ्याची गाठ

निकृष्ट, उरकून टाकलेल्या कामाला कुणी 'शॉडी' म्हटलं की माझं डोकं फिरतं. अहो, ते आमच्या मालाचं नाव आहे! जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून जी लोकर निघते ती शॉडी. तिची ब्लँकेटं होतात आणि चांगली ऊबदार होतात. पण काही व्यापाऱ्यांनी ती कोरी लोकर म्हणून लोकांच्या गळ्यात मारली, कापड लवकर विरलं आणि नाव शिवी होऊन बसलं. "लबाडी विकणाऱ्याची आणि बदनामी लोकरीची," गिरणीतले आमचे जुने मास्तर सांगायचे.

बावीस वर्षं मी या गिरणीत कपडे निवडते. बटणं, हुक, चेन कापून काढायची, कपडे रंगवार पोत्यात भरायचे आणि तोंडाला आपल्या रंगाच्या दोऱ्याने गाठ मारायची. माझा दोरा पिवळा. माझ्या पोत्यातून टाचणीसुद्धा कधी पुढे गेलेली नाही.

शेजारच्या टेबलावर माझी धाकटी बहीण, तिचा दोरा तांबडा. तिला इथे मीच चिकटवलं. हात झपझप चालतात, लक्ष मात्र सगळं गप्पांत! दोनदा तिच्या पोत्यात हुक सापडले. तिसऱ्यांदा सापडला तर घरी बसायचं, असं साहेबांनी बजावलं होतं.

ती डावखुरी. लहानपणी आत्या तिच्या डाव्या हातावर पट्टी मारायची, तेव्हा मी मध्ये हात घालायचे. वळ माझ्या हातावर उठायचे.

मंगळवारी फाडायच्या यंत्रात कोटाचं पितळी बटण गेलं. दाते तुटले, ठिणगी उडून लोकर पेटली, यंत्रावरच्या माणसाचा हात भाजला. त्यानंतर दोन दिवस धाकटी घरी आली की दाराच्या कडीला दोरा बांधत बसायची. विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं ताई, बोटं आखडलीत." मी तिला तेल गरम करून दिलं.

शुक्रवारी साहेबांनी आम्हा दोघींना वर बोलावलं. ज्या पोत्यातून ते बटण गेलं, त्याचं कापलेलं तोंड टेबलावर होतं. गाठ पिवळी.

"बाई, तुम्ही? इतकं शॉडी काम?"

एरवी मी त्या शब्दावरूनच भांडले असते. पण गाठीचं टोक डावीकडे वळलेलं दिसलं. माझी गाठ उजवीकडे वळते.

"साहेब, दोरा माझा आहे, गाठ माझी नाही. टोक डावीकडे वळलंय, ते डावखुऱ्या हाताचं. हिला एक गाठ मारून दाखवायला सांगा."

मला वाटलं, आता ही रडेल, 'चुकलं ताई' म्हणेल. खरं सांगते, मी तिथल्या तिथे तिला माफ केलं असतं, वर तिच्यासाठी साहेबांचे पाय धरले असते.

तिने दोरा घेतला. माझ्याकडे न बघता उजव्या हाताने वेढा दिला, ओढला. कुठे अडखळली नाही. टोक उजवीकडे वळलं, अगदी माझ्यासारखं.

"हिची गाठ तर उजवीकडे वळतेय," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नका, बाई."

आता कळलं मला, कडीला दोरा कशासाठी होता ते. केसाने गळा कापला माझा. धाकटी खाली मान घालून उभी होती. ज्या हातासाठी मी पट्ट्या खाल्ल्या, तो तिने पाठीमागे लपवला होता.