चढती रेघ

सुकदेव बैसाणे कशावर पीएच.डी. करतोय हे सांगता सांगता त्याच्या नाकी नऊ यायचे. हवेच्या प्रदूषणावर? छे. त्या प्रदूषणावर जगभरात किती संशोधन झालं आणि ते वर्षागणिक किती वाढलं, त्यावर. "म्हणजे लोकांनी केलेलं काम तू नुसतं मोजणार!" म्हणून धुळ्याच्या कॉलेजातले प्राध्यापक हसायचे. हसोत बापडे! सुकदेव तिथं ग्रंथालयात सहायक, मोजणं हाच त्याचा धंदा.

घरात मात्र कुणी हसत नव्हतं. त्याचे वडील निंबाआबा जिनिंगमध्ये कापसाची धूळ गिळत म्हातारे झालेले. आता चार पावलं टाकली की भिंत धरावी लागे. एकदा सुकदेवनं मोठ्या हौसेनं त्यांना आलेख दाखवला. "आबा, हाई रेघ दखा. धूळवरलं संशोधन दुप्पट व्हई गयं."

आबांनी कागदावर बोट फिरवलं. "इतला लोकं मांगे लागनात? मंग मना खोकलानं औषध बी सापडी."

झालं! डॉक्टरांनी हात टेकले होते, पण म्हातारा त्या रेघेच्या आशेवर तग धरून बसला. शेजारीपाजारी कुणी आलं की आधी सुकदेवच्या पुस्तकाची गोष्ट.

प्रबंध जळगावला विद्यापीठात द्यायची शेवटची तारीख शनिवारची होती. मुदतवाढ आधीच घेऊन झालेली. गुरुवारी मार्गदर्शक छाजेड सरांचा निरोप आला, की प्रबंधासोबत सगळ्या लेखांची शीर्षकवार यादी जोडा. एवढंच ना, म्हणत सुकदेवनं पुण्याच्या ग्रंथालयांतून वर्षानुवर्षं उतरवून आणलेली लेखांच्या नोंदींची कार्डं खोलीभर पसरली आणि शीर्षकाप्रमाणे लावायला घेतली.

एकाच शीर्षकाची तीन कार्डं हातात आली. मग दुसऱ्याची चार. मग सगळीकडे तेच.

ग्रंथालयातली रीत अशी, की पुस्तक दोघांनी लिहिलं तर दोघांच्या नावाचं एकेक कार्ड करायचं, म्हणजे वाचकाला कुठल्याही नावाखाली ते सापडतं. उभा जन्म तेच केलेला हात! लेखाला तीन लेखक दिसले की हातानं मुकाट्यानं तीन कार्डं केली. कार्डं लेखकांच्या नावानं लावलेली, त्यामुळे ही भावंडं कधी एकमेकांशेजारी आलीच नाहीत. आणि वाढ मोजताना सुकदेवनं मोजली ती कार्डं. जुन्या काळी एकटा माणूस लेख लिहायचा, पुढे पाच-पाच जण मिळून लिहू लागले. म्हणून रेघ चढली. करायला गेला गणपती नि झाला मारुती!

शुक्रवारी बायकोला, मंदाला, हाताशी घेऊन त्यानं पुन्हा मोजलं. रेघ जवळजवळ आडवी निघाली. प्रबंधाची पाचही प्रकरणं त्या एका चढावर उभी होती.

शनिवारी सकाळी एस.टी.नं जळगाव गाठून त्यानं छाजेड सरांपुढे सगळं ओतलं.

"सर, लेखक वाढलेत. लेख वाढलेले नाहीत."

"बैसाणे, कार्डं मोजायला तुमच्या घरी कोण येणार आहे?"

"मी मोजलीत ना, सर."

"मग आता तोंड बंद ठेवा. आज दिलं नाही तर नोंदणी रद्द होईल. परत मुदत मिळायची नाही, मी सांगून ठेवतो."

बांधलेल्या प्रती पिशवीत घेऊन सुकदेव विद्यापीठाच्या खिडकीशी उभा राहिला. आत द्यायचं, पोच घ्यायची, संपलं! पण उद्या कुणी हा आलेख बघेल, आणि म्हणेल, चला, धुळीवर काम जोरात चाललंय, आपण कशाला हात घालायचा? हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. खिडकी बंद झाली तरी तो बाकावरच बसून होता. शहाणपण केलं की गाढवपण, त्याचं त्यालाच कळेना. एवढ्या वर्षांचं सगळं मातीत गेलं होतं.

दिवेलागणीला तो घरी आला. आबा खाटेवर उशांना टेकून बसलेले, श्वासाची घरघर दारापर्यंत ऐकू येत होती. मंदानं त्याच्या हातातली जड पिशवी पाहिली आणि ती घेऊन आत गेली.

"दि उना का रे पुस्तक, जळगावले?" आबांनी विचारलं.

खिडकीशी जे खोटं सुकदेवच्या हातून देववलं नव्हतं, ते इथं तोंडातून सहज निघालं.

"हो आबा, दि उनू."

"आनि ती रेघ? चढीच राहिनी ना?"

"चढी राहिनी, आबा."

आबांनी समाधानानं डोळे मिटले. छातीवर हात ठेवून कसाबसा एक श्वास ओढला आणि म्हणाले, "मंग मी औषधनी वाट दखस."